नेता गेल्यावर कविता कशी लिहावी: पहिल्या कागदापासून शोकसभेच्या माइकपर्यंत

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली, तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारपटांगणात शोकसभा ठरली. रात्री कंदील घेऊन बसलो आणि अभंग लिहिला. त्यातलं एक कडवं असं होतं:

सूर्य मावळला । दीप मालवला ।
तारा निखळला । कायमचा ॥

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. सभा उठल्यावर एक म्हातारी जवळ आली. "मास्तर, चांगलं म्हणलात," ती म्हणाली, "पण ह्यात इंदिराबाई कुठं हायती?" मग तिनंच सांगितलं. ती एकदा बैलगाडीत बसून त्यांच्या सभेला गेली होती. भाषण हिंदीत, त्यातलं काही उमगलं नाही. पण वाऱ्यानं डोईवरचा पदर घसरला की बाई बोलता बोलताच तो सारखा करायच्या, तेवढं तिच्या ध्यानात राहिलं. "आमच्यावानीच," ती म्हणाली.

माझ्या अभंगात अक्षरं मोजून बरोबर होती, यमकंही जुळली होती. कविता मात्र त्या म्हातारीजवळ होती.

त्यानंतर स्वामी रामानंद तीर्थ, गांधीजी, बाबासाहेब यांचे स्मृतिदिन, म्हणजे २२ जानेवारी, ३० जानेवारी, ६ डिसेंबर जवळ आले की गावातली मुलंमुली कविता दाखवायला येत राहिली. एखादा मोठा पुढारी अचानक गेला की रातोरात येत. त्यांना जे सांगत आलो ते इथे क्रमानं मांडतो. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माणूस कितीही मोठा असो, त्याचं मरण आपल्या लहान जागेवर उभं राहून लिहावं. आपली ओसरी, आपलं रान, आपला एसटी स्टँड. तिथून जेवढं दिसतं तेवढंच लिहावं.

पहिल्या दिवशी कविता लिहू नका, कागद लिहा

बातमी कळली त्या दिवशी एक कोरा कागद घ्या. त्यावर कवितेची एकही ओळ नको. फक्त चार प्रश्नांची उत्तरं लिहा. बातमी आली तेव्हा माझ्या हातात काय होतं? कुणी सांगितलं आणि कोणत्या शब्दांत? त्यानंतर पहिली कोणती गोष्ट थांबली? आणि कोणती गोष्ट चालूच राहिली?

चौथा प्रश्न लोक सोडून देतात. माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा. दुकानांची शटरं खाली येतात, हे सगळ्यांनाच दिसतं. पण म्हशीची धार काढावीच लागते, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावंच लागतं, आणि रडणारी बाईसुद्धा चुलीवरचं दूध उतू जाऊ देत नाही. दुःखाचं वजन कळतं ते अशा न थांबलेल्या कामांच्या शेजारी.

या कागदावर विशेषण लिहायचं नाही. 'थोर', 'लाडके', 'कणखर' यांतलं काहीही नको. 'कापूस वेचत होते, ओट्यात अर्धा किलो असेल' असं लिहा. घडीचा कागद खिशात ठेवा, दोन दिवस तसाच राहू द्या.

नेता तुमच्या जन्माआधी गेला असेल तर हाच कागद दुसऱ्याकडून भरून घ्यायचा. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाशेजारी बसा आणि तेच चार प्रश्न विचारा. 'ते कसे होते?' असं विचारलंत तर ऐकीव स्तुती मिळेल. 'तुम्ही तेव्हा काय करत होता?' असं विचारलंत तर कविता मिळण्याची शक्यता आहे.

तारीख शेतात नेऊन ठेवा

तारीख ही नुसती माहिती असते. ती आपल्या शिवारात नेली की तिला रंग येतो, वास येतो. ६ डिसेंबरला मराठवाड्यात तुरीला शेंगा धरलेल्या असतात, कापसाची वेचणी चालू असते, ज्वारी पोटरीत असते. जानेवारीच्या शेवटी हुरडा असतो, हरभऱ्याला घाटे आलेले असतात, करडई फुलावर असते. नेहरू २७ मे १९६४ ला गेले. त्या दिवसांत इकडे नांगरलेली ढेकळं तापलेली असतात आणि माणूस आभाळाकडे बघत असतो.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत अब्राहम लिंकनची हत्या झाली. त्यावर वॉल्ट व्हिटमननं जी दीर्घ कविता लिहिली तिच्यात लिंकनचं नाव एकदाही येत नाही. दारात फुललेलं लायलॅकचं झुडूप, पश्चिमेला कललेला तारा आणि झाडीत गाणारा पक्षी, एवढ्यांवर ती उभी आहे. आपल्याकडे लायलॅक नाही, म्हणून ते उसनं आणू नये. आपल्या बांधावर जे आहे त्यानं भागतं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'तुमच्या जाण्यानं आभाळही रडलं' ही ओळ फक्त त्या दिवशी खरोखर पाऊस पडला असेल तरच लिहा. निसर्गाला आपल्या दुःखात ओढून आणायचं नाही. तो त्या दिवशी काय करत होता ते पाहायचं.

माहिती तपासा, कारण तिच्यातच कविता लपलेली असते

तारखा आणि ठिकाणं पडताळून घ्या, असं मी सांगतो तेव्हा मुलांना वाटतं की चूक होऊ नये एवढ्यासाठी. ते तर आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. नीट पाहिलं की दोन तारखा एकमेकींशेजारी येऊन उभ्या राहतात, आणि त्यांच्या मधल्या फटीत कल्पनेपेक्षा मोठं काही सापडतं.

३० जानेवारी १९४८ घ्या. गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता. हा भाग मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणजे राष्ट्राचा बाप गेला तेव्हा इथली माणसं त्या राष्ट्रात अजून पोचलीच नव्हती. ज्या घरात अजून पाऊल टाकायचं आहे त्या घरातल्या वडिलांसाठी रडणारा मुलगा कसा रडेल? एवढ्या एका प्रश्नावर कविता उभी राहते.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. नागपूरच्या धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. आणि औरंगाबादला त्यांनी १९५० मध्ये सुरू केलेलं, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेलं कॉलेज तेव्हा जेमतेम सहा वर्षांचं होतं. पहिल्या पिढीतली मुलं नुकती पदवीच्या दाराशी आलेली. त्या मुलांपैकी एकाच्या नजरेतून लिहा. वसतिगृहातली खोली, उघडं पुस्तक, आणि ज्यानं ते हातात दिलं तो गेला.

तिसरं अलीकडचं. विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ ला चेन्नईत गेले, आणि बाभळगावला अंत्यसंस्कार झाले १५ ऑगस्टला. स्वातंत्र्यदिनी राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणत नाहीत. ध्वजसंहितेप्रमाणे पार्थिव ज्या इमारतीत असेल तेवढीच अपवाद. म्हणजे त्या सकाळी लातूर जिल्ह्यातल्या शाळांतून मुलांनी झेंडा टोकापर्यंत चढवला, आणि घरची मोठी माणसं बाभळगावच्या वाटेला लागलेली होती. पूर्ण वर गेलेला झेंडा आणि खाली गेलेल्या माना. यात माझी एकही कल्पना नाही, सगळं त्या दोन तारखांचं देणं आहे.

कोण बोलतंय आणि कुणाशी?

लिहायला बसण्याआधी हे ठरवा. तुम्ही स्वतः बोलताय, एखादी आजी बोलतेय, की अख्खा गाव? सुरुवात करणाऱ्यांनी गाव होऊ नये, असं मला वाटतं. 'आम्ही सारे' म्हटलं की ओळ सैल पडते.

मग 'तू' की 'तुम्ही'? आपण देवाला आणि आईला 'तू' म्हणतो. बाबासाहेबांना 'बा भीमा, तू' अशी हाक गाण्यांतून कितीतरी तोंडांनी घातली, त्यात अनादर नाही, उलट ती फार जवळची हाक आहे. पण ती जवळीक खरी असेल तरच शोभते. ज्यांना तुम्ही साहेब, दादा, अण्णा म्हणत आलात त्यांना ते गेल्यावर एकदम 'तू' म्हणू नका. आणि एकदा ठरवलं की मध्येच बदलू नका. बदलायचंच असेल तर जाणून बदला. त्याचं उदाहरण पुढे देतो.

आपल्याकडे या गोष्टीचे दोन मोठे धडे आहेत. पहिला संत नामदेवांचा. नामदेव परंपरेनं हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, म्हणजे मराठवाड्याचेच. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगावरचे त्यांचे अभंग वाचा. त्यांत समाधीची जागा झाडून घेणारे हात आहेत, निवृत्तिनाथांची घालमेल आहे, कोण कुठे उभं होतं ते आहे. सूर्य लोपल्याची प्रतिमाही आहे. पण ती येते ती सगळं डोळ्यांनी पाहून झाल्यावर, आणि तोवर तिला तो हक्क मिळालेला असतो. माझ्या १९८४ च्या कडव्यात सूर्य पहिल्याच ओळीत मावळला होता.

दुसरा धडा आपल्या आयाबायांचा. मयत झाल्यावर बाई हेल काढून रडते ते नीट ऐका. ती आधी हाक मारते. मग एक अगदी बारीक गोष्ट सांगते: तू बाजारातनं येताना अमुक आणायचास. आणि मग विचारते: आता कोण आणील? हाक, बारीक गोष्ट, प्रश्न. उत्तर ती देत नाही. शोककवितेचा याहून चांगला सांगाडा मला कुठे मिळालेला नाही. मोहरमात गावोगावी म्हटले जाणारे मर्सिये, म्हणजे शोकगीतं, ऐकले असतील तर त्यांतही हाक आणि बारीकसारीक तपशील असाच हातात हात घालून चालतो.

मरणाचा शब्द नीट निवडा

इथे चूक झाली तर माणसं दुखावतात, आणि दुखावणं योग्यच असतं. बाबासाहेबांसाठी महापरिनिर्वाण. लिंगायत घरात शिवैक्य किंवा लिंगैक्य म्हणतात. वारकऱ्याला वैकुंठवास. संन्याशाला समाधी किंवा ब्रह्मलीन. मुस्लिम नेत्यासाठी वर्तमानपत्री शब्द उचलण्यापेक्षा घरच्यांना काय रुचेल ते विचारावं. 'मरहूम' हा त्यांच्या तोंडचा शब्द आहे. 'स्वर्गवासी' हा शब्द सरसकट सगळ्यांना लावू नका.

आणि हत्येला 'निधन' म्हणू नका. गांधीजींचं निधन झालं नाही, त्यांना मारलं गेलं. अशा कवितेत शोकाबरोबर संताप येणारच, तो दाबू नये. मात्र संताप मारणाऱ्यावर आणि मारण्याच्या विचारावर असावा. कुठल्या तरी अख्ख्या समाजाकडे बोट दाखवणारी ओळ फाडून टाका. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांचं हत्याकांड झालं, ते माझ्या पिढीनं वर्तमानपत्रांत वाचलं आहे. शोकाच्या नावाखाली उच्चारलेले शब्द कुठवर जाऊ शकतात, ते तेव्हा कळलं.

कोणत्या साच्यात?

ओळखीचा साचा घ्या. मोठ्या अभंगात चार चरण असतात: पहिल्या तिन्हींत सहा सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. चौथा चरण आखूड असल्यानं तिथे वाक्य तुटल्यासारखं थांबतं, आणि शोकाला ते फार मानवतं. रडताना शेवटचा शब्द गिळला जातो ना, तसं. म्हणून वजनदार शब्द त्या चार अक्षरांत ठेवावा. जोडाक्षर एकच मोजायचं.

जात्यावरची ओवी घ्यायची असेल तर दोन ओळी पुरतात. माजलगावच्या बाजूला बायकांनी बाबासाहेबांवर जात्यावर ओव्या रचल्या, गायल्या. त्या वळणावर मी मुलींना एक नमुना करून दाखवतो:

दिवस उगवला, दळण सरंना गं बाई
दिल्लीची बातमी, जात्याला पेलंना गं बाई

इथे दुःख बाईला झालं असं म्हटलेलंच नाही. जड झालं ते जातं.

पोवाड्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पोवाडा पराक्रम सांगतो, डफाच्या थापेवर चढत जातो. मरणाच्या प्रसंगाला तो चढ आवरत नाही. पोवाडाच करायचा असेल तर शेवटच्या चौकात, म्हणजे पोवाड्याच्या शेवटच्या भागात, डफ थांबवावा, नुसतं तुणतुणं चालू ठेवावं, आणि तो भाग गद्यासारखा बोलावा. मुक्तछंद सोपा वाटतो म्हणून नवखे तो निवडतात. यमकाचा आधार नसल्यामुळे त्यात प्रत्येक ओळीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

एक कविता, सुरुवातीपासून

आता प्रत्यक्ष करून बघू. विषय घेऊ स्वामी रामानंद तीर्थांचा. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, पुढे लोकसभेत खासदार. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादमध्ये त्यांनी देह ठेवला. सुरुवातीच्या काळात ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी त्यांच्यावर कडवं घेऊन आली:

फळ्यावर रोज । खडूचा आवाज ।
थांबला तो आज । शाळेमध्ये ॥

कान चांगला होता तिचा. खडूचा आवाज हे ऐकू येणारं, बारीक काही आहे. पण ओळ खरी नाही. १९३८ च्या सत्याग्रहापासून स्वामीजींचं आयुष्य चळवळीत आणि तुरुंगांत गेलं. १९७२ मध्ये त्यांच्या हातातला खडू सुटून तीन दशकं उलटली होती. त्यांच्या जाण्यानं कुठल्या शाळेतला खडू थांबणार?

मी तिला म्हटलं, "खरं काय झालं ते लिही." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, खरं म्हणजे खडू थांबलाच नाही. अजून चालूच आहे." कागदाचा तो चौथा प्रश्न इथे उपयोगी पडला. कडवं असं झालं:

शाळा भरे रोज । खडूचा आवाज ।
येतो आहे आज । तुम्हाविण ॥

'थांबला' जाऊन 'येतो आहे' आलं एवढ्यानं ओळ खरी झाली, आणि आधीपेक्षा जास्त दुखरी झाली.

मग तारीख शेतात नेली. २२ जानेवारी म्हणजे करडई फुललेली. करडईचं फूल आधी पिवळं असतं, सुकत जाताना ते भगव्याकडे झुकतं. स्वामीजींची वस्त्रं भगवी. हे आम्ही जुळवलं नाही, ते रानातच जुळलेलं होतं:

करडई फुले । रान भगवले ।
कुणी पांघरले । तेच वस्त्र ॥

तिसरं कडवं सालानं दिलं. १९७२ म्हटलं की मराठवाड्यात दुसरं काही आठवायच्या आधी दुष्काळ आठवतो. त्या साली पाऊस गेला. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी अजून घराघरांत सांगितल्या जातात. स्वामीजी गेले जानेवारीत, पाऊस हुकला त्यानंतरच्या पावसाळ्यात. क्रम असा आहे, तर क्रमच लिहावा:

आधी स्वामी गेले । मग मेघ गेले ।
डोळे भरलेले । रानी धूळ ॥

'तुम्ही गेलात म्हणून पाऊस आला नाही' असं इथे म्हटलेलं नाही. नुसती दोन माघारी जाणी एकाखाली एक ठेवली. कारण जोडलं असतं तर खोटं झालं असतं.

आता कडव्यांचा क्रम. आधी करडई, कारण तो त्या दिवसाचा देखावा. मग मेघ, ते वर्ष. शेवटी शाळा, म्हणजे आजचा दिवस. पहिल्या दोन कडव्यांत स्वामीजींबद्दल बोलणं आहे, शेवटच्या कडव्यात शेवटच्या शब्दाला एकदम त्यांच्याशी बोलणं होतं: 'तुम्हाविण'. मघाशी म्हटलं तो जाणून केलेला बदल हाच. इतका वेळ आवरून धरलेली हाक शेवटच्या चार अक्षरांत सुटते. या क्रमात कविता मोठ्यानं वाचून पाहा, मग शाळेचं कडवं आधी घेऊन वाचा. फरक कानाला कळेल.

तीन कडवी झाली आणि आम्ही थांबलो. तिच्या वहीत मुक्तिसंग्रामावर आणखी पाच होती. ती वाईट नव्हती, पण ती चरित्राची होती. चरित्र वक्ते सांगतातच.

नाव बदलून बघा

कविता झाली की नेत्याचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घाला. कविता तशीच्या तशी चालली तर ती अजून लिहून झालेली नाही. माझं सूर्य-दीप-तारा कडवं कुणालाही चालेल. बाजार समितीच्या सभापतीलाही चालेल. करडईचं कडवं दुसऱ्याला चालणार नाही.

या कसोटीत काही शब्द हमखास पडतात: पोरका झाला, कधीही न भरून येणारी पोकळी, आधारवड कोसळला, वादळ शांत झालं, काळानं घाला घातला. हे शब्द खोटे नाहीत. कधीकाळी कुणीतरी खऱ्या दुःखातून ते काढले असतील. पण चौकातल्या फ्लेक्सवर ते इतके वेळा छापले गेले की आता डोळा त्यांच्यावरून सरकतो, थांबत नाही. यांपैकी एखादा वाटेत आलाच तर त्याला विचारा: नेमकं काय? 'पोकळी' म्हणजे नेमकी कोणती जागा रिकामी झाली? खुर्ची? वाड्यातली ती ओसरी, जिथं सकाळी सहापासून अर्ज घेऊन माणसं बसायची? मग ओसरीच लिहा.

न पटलेलंही असतं

नेता म्हटला की त्याचे निर्णय आले, चुका आल्या, विरोधक आले. शोककवितेत हिशेब मांडू नये हे खरं, पण खोटी पावतीही फाडू नये. ज्या धरणात तुमच्या मामाचं गाव गेलं ते धरण बांधणाऱ्याचं गुणगान करताना ते गाव विसरू नका. 'तुमच्याशी भांडायचं राहिलं' ही ओळ कितीतरी स्तुतींहून प्रेमाची असते. जे खरंच पटलं नाही त्यावर गप्प राहता येतं. जे झालंच नाही ते झालं म्हणून लिहिता येत नाही.

आणि वारसदाराचं नाव कवितेत आणू नका. 'आता ताई, आता भैया तुम्हीच' अशी ओळ आली की शोकसभेची प्रचारसभा होते.

शेवट कसा करावा

'तुमचं स्वप्न पूर्ण करू' हा शेवट सगळ्यांनाच सुचतो. शपथ घ्यायला माझी हरकत नाही. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेच्या साक्षीनं हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. शोकातून उठलेलं याहून मोठं पाऊल आपल्या इतिहासात शोधावं लागेल. पण ते प्रत्यक्ष उचललेलं पाऊल होतं. तुमच्या कवितेत शपथ असेल तर ती उद्या सकाळी करता येईल एवढी लहान आणि नेमकी असू द्या. '६ डिसेंबरला दादरला जाईन, येताना लेकीसाठी पुस्तक आणीन' ही शपथ आहे. दरवर्षी मराठवाड्यातून भाकरी बांधून निघणारी माणसं शिवाजी पार्कवरून पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परततात, ते पाहिलं असेल तर तिचं वजन कळेल.

शपथ नसेल तर प्रश्नावर थांबा. बाईच्या रडण्यात असतो तसा.

शोकसभेत म्हणताना

दोन मिनिटांहून जास्त घेऊ नका. सूत्रसंचालकाला आधीच सांगा की कवितेआधी तुमचा परिचय नको. माइक हनुवटीच्या पातळीला, मुठीएवढ्या अंतरावर धरा. हळू म्हटलेला शब्दही शेवटच्या रांगेत पोचतो, त्यासाठी ओरडावं लागत नाही. अभंग असेल तर चाल लावायचा मोह आवरा, चौथ्या चरणानंतर एक श्वास सोडा आणि पुढचं कडवं घ्या. कवितेचा कागद हातात असू द्या, पाठ असली तरी. आवाज दाटून येतो तेव्हा डोळ्यांना ओळ सापडावी लागते.

आवाज खरंच फुटला तर थांबा. पाणी प्या. लोक थांबतात. मराठवाड्यातली माणसं मातीला आलेल्या माणसाची घाई करत नाहीत.

घरच्यांपैकी कुणी समोर असेल तर कविता सभेआधी त्यांना दाखवा. एखादी आठवण त्यांना जाहीर नको असते, आणि त्यांच्या दुःखाचा हक्क आपल्या कवितेच्या आधी येतो. त्यांनी ओळ काढायला सांगितली तर काढा, वाद घालू नका.

कागदावर खाली तारीख घालून तो जपून ठेवा. पुढच्या पुण्यतिथीला काढून वाचा, आणि तोवर मनातून गळून गेलेल्या ओळी पेन्सिलीनं खोडा. त्या मुलीचा अभंग आता नवव्या वर्षात आहे. पहिल्या वर्षी तिनं मधलं कडवं खोडलं होतं. गेल्या जानेवारीत, पुन्हा पाऊस हुकल्यावर, ते परत घातलं.